डिस्क बदलली तरी चुका तशाच: बडोद्यातल्या एका छपाईच्या दुकानाचं प्रकरण

बडोद्यात दांडिया बाजारात एक लहान छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, गुजराती गिऱ्हाइकांच्या कंकोत्र्या, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं अशी तिथली कामं. मालकांनी साठी ओलांडली आहे आणि त्यांना सगळे काकाच म्हणतात. दुकानात संगणक एकच, सुटे भाग आणून जुळवलेला. विंडोज १० एका छोट्या एसएसडीवर आणि कामाच्या सगळ्या फायली २ टीबीच्या हार्डडिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर. वर्षानुवर्षांची डिझाइनं त्या एकाच डिस्कवर होती. थोरल्या मुलीची पत्रिका जिथे छापली तिथेच धाकटीचीही छापायची, ही जुन्या गिऱ्हाइकांची सवय. त्यामुळे जुनी फाइल उघडणं हे तिथे रोजचं काम.

तक्रार अशी होती. एखाद्या सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर 'डी ड्राइव्ह तपासून दुरुस्त करत आहे' अशी ओळ यायची, टक्केवारी सावकाश पुढे सरकायची आणि मग विंडोज उघडायचं. ही तपासणी-दुरुस्ती विंडोजमधलं चेकडिस्क करतं. दोन-तीन दिवस सगळं सुरळीत. मग एखादा फोल्डर उघडायला जावं तर संदेश येई, की फाइल किंवा फोल्डर खराब झाला आहे, वाचता येत नाही. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा थोडे दिवस शांतता. लपवलेल्या फायली दाखवायला सांगितल्यावर डी ड्राइव्हवर फाउंड.०००, फाउंड.००१ अशा नावांच्या फोल्डरांची रांग दिसली. दुरुस्तीत ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते विंडोज तिथे टाकून देतं. एवढे फोल्डर दिसले, म्हणजे एवढ्या वेळा कुणाचं तरी काम जागेवरून हललं होतं.

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर तीन उपाय होऊन गेले होते. एका ठिकाणी 'हार्डडिस्क गेली' असं सांगून नवी बसवून दिली होती. चुका परत आल्यावर दुसऱ्या एकाने विजेला दोष दिला आणि यूपीएसची बॅटरी बदलली. तिसऱ्याने विंडोज पुसून नव्याने टाकलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मार्गशीर्षाचे मुहूर्त तोंडावर होते आणि काका मेटाकुटीला आले होते.

त्यांच्या भाच्याने फोनवर विचारलं, "दादा, चेकडिस्क पुन्हा एकदा पूर्ण चालवून बघू का? त्या मोठ्या तपासणीसकट?" मी म्हटलं, "चालवू नकोस. संगणक बंद कर, मी येईपर्यंत सुरू करू नकोस." ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच होतं असं मला वाटतं, म्हणून त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो.

चेकडिस्क नेमकं काय करतं

विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फायली मांडतं ती एनटीएफएस, १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ बरोबर आलेली. तिच्यात प्रत्येक फाइलची एक नोंद मास्टर फाइल टेबलात असते: नाव, वेळ, आकार, डिस्कवर कुठे कुठे पसरली आहे ते. शिवाय प्रत्येक फोल्डरची स्वतःची सूची असते आणि त्या सूचीतही फाइलचं नाव पुन्हा लिहिलेलं असतं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत कॅटलॉगच्या कार्डावरही नाव असतं आणि पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरही, तसंच हे. दोन्हीकडचा मजकूर जुळला तर पुस्तक सापडतं.

चेकडिस्क ह्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतं. जुळत नसतील तर एक बाजू खरी मानून दुसरी बदलतं. ते जमलं नाही तर सूचीतली ओळ काढून टाकतं आणि फाइल अनाथ होते. म्हणजे ते डिस्कवर लिहितं, आणि लिहिलेलं मागे घेता येत नाही. फायलींच्या आतला मजकूर बरोबर आहे की नाही हे ते पाहतच नाही. पत्रिकेतलं नवरदेवाचं नाव बिघडलं असलं तरी नोंदी जुळल्या की त्याच्या लेखी डिस्क निरोगी.

सगळ्यांत गंभीर गोष्ट पुढची. ताडून पाहण्यासाठी नोंदी आधी रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, आणाव्या लागतात. संगणकातली मधली एखादी पायरी स्वतःच चुकीचं वाचत किंवा लिहीत असेल तर चेकडिस्कला नसलेल्या चुका दिसतात, आणि त्यांची 'दुरुस्ती' म्हणून ते धडधाकट नोंदी बिघडवून ठेवतं. चूक एकदाच आली असेल तर चेकडिस्क चालवावं, त्याला माझी हरकत नाही. पण दुरुस्तीनंतर चूक परत येते, तेव्हा ती कोण लिहितंय हे कळेपर्यंत कुठलीही दुरुस्ती चालवू नये. इथे तर ती दर दोन-तीन दिवसांनी सकाळी आपोआप चालत होती.

दोन्ही डिस्क निर्दोष

डिस्क मी त्या संगणकावर तपासली नाही. काढून माझ्या टेबलावर आणली आणि लिनक्सच्या खात्रीच्या संगणकाला जोडली. आधी डिस्कची स्वतःची नोंदवही पाहिली, जिला स्मार्ट म्हणतात. तिच्यातल्या चार ओळींवर माझी नजर आधी जाते. क्रमांक ५, म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७, म्हणजे वाचताना अडखळलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८, म्हणजे वाचताच न आलेले. आणि १९९, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या केबलवर डेटा बिघडल्याची मोजणी. इथे चारही शून्य.

मग ग्नू डीडीरेस्क्यू ह्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली. २ टीबीला साडेचार-पाच तास लागतात. ह्या प्रतीचे दोन उपयोग. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करता येतात आणि मूळ डिस्कला हात लागत नाही. शिवाय पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचन झाल्यामुळे तीच डिस्कची परीक्षा ठरते. एकही सेक्टर अडला नाही.

काढून टाकलेली जुनी डिस्क कुठे आहे, हे मी काकांना विचारलं होतं. ती टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवलेली निघाली. "टाकवत नाही रे, सगळं आयुष्याचं काम तिच्यात," ते म्हणाले. ती आणून तीच तपासणी केली. तीही स्वच्छ! 'गेलेली' म्हणून बाजूला काढलेली डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत विनातक्रार वाचली जात होती.

दोन वेगळ्या डिस्कवर एकाच प्रकारची चूक येते आणि दोन्ही डिस्क निर्दोष निघतात, तेव्हा दोष त्या दोघींच्या पलीकडे असतो. हे इतकं उघड आहे की पहिल्या बदलानंतर चूक परत आली त्याच दिवशी तपास थांबवून दिशा बदलायला हवी होती.

नोंदी काय सांगत होत्या

आता संगणक सुरू केला, पण डी ड्राइव्ह न जोडता, फक्त एसएसडीवर. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज घडामोडी टिपून ठेवतं ती वही, त्यातल्या सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. विंडोज नव्याने टाकल्यामुळे जुन्या नोंदी गेल्या होत्या, पण त्यानंतरच्याही पुरेशा होत्या. एनटीएफएसची ५५ क्रमांकाची नोंद, म्हणजे 'फाइल सिस्टिमच्या रचनेत बिघाड आढळला', अनेकदा होती. मात्र तिच्या आगेमागे डिस्ककडून काहीच तक्रार नव्हती. खराब सेक्टर भेटला तर ७ क्रमांकाची नोंद येते, वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं तर १५३ ची. दोन्ही नव्हत्या.

हे मौन बोलकं आहे. हार्डडिस्क प्रत्येक सेक्टरबरोबर चूक ओळखण्याचा आणि सुधारण्याचा कोड लिहून ठेवते. वाचताना तो जुळला नाही तर ती 'वाचता येत नाही' असं सांगते, चुकीचा मजकूर गुपचूप हातात देत नाही. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलवरही तसाच पहारा असतो: वाटेत बिघडलेला डेटा ओळखला जातो, पुन्हा मागवला जातो आणि १९९ चा आकडा वाढतो. इथे डिस्क म्हणत होती, 'तुम्ही जे दिलंत तेच मी परत देते आहे.' म्हणजे तिच्याकडे पोचण्याआधीच मजकूर बिघडलेला होता.

विजेचा संशयही ह्याच नोंदींनी फेडला. अचानक वीज जाऊन संगणक बंद पडला तर पुढच्या वेळी ४१ क्रमांकाची नोंद होते. ५५ च्या आसपास कुठेच ४१ नव्हती. आणि एनटीएफएस बदलांची रोजनिशी ठेवतं, त्यामुळे वीज गेल्यावर रचनेच्या नोंदी बहुतेक वेळा सावरल्या जातात. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलच्या आतला मजकूर अर्धवट राहू शकतो, पण आठवड्यातून दोनदा फोल्डरची सूची मोडण्याचं ते कारण नव्हे.

उरली रॅम. काकांच्या भाच्याने सांगितलं, की विंडोजची मेमरी तपासणी आधीच कुणीतरी चालवली होती आणि ती स्वच्छ आली होती. मी ते ऐकून घेतलं, पण त्यावर विसंबलो नाही. तपास पुढे नेला तो त्यांच्याशी झालेल्या गप्पांनी.

'डिस्कच्या आधी काय बदललं होतं?' ह्या प्रश्नावर काकांना काही आठवेना. मग त्यांनी बिलांची फाइल काढली. दिवाळीच्या आधी, सीझनची तयारी म्हणून, ८ जीबी रॅममध्ये आणखी ८ जीबीची स्टिक घालून १६ जीबी केली होती. पहिली चूक आली ती त्यानंतरच्या आठवड्यांत. रॅम वाढवल्यावर संगणक वेगवान झाला होता, त्यामुळे ती गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात 'सुधारणा' म्हणून बसली होती आणि तिच्यावर कुणाचा संशयच गेला नाही. माझा अनुभव असा, की बिघाडाच्या प्रकरणात लोक काय बिघडलं ते सांगतात, काय सुधारलं ते सांगत नाहीत. ते विचारून घ्यावं लागतं.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. गिऱ्हाइकांकडून फोटोंच्या झिप फायली येत. त्या कधी कधी उघडताना 'सीआरसी चुकला' असं म्हणत, म्हणजे मजकुराची तपासणी-बेरीज जुळत नसे, आणि तीच फाइल पुन्हा उघडली तर नीट उघडे. काका त्यासाठी गिऱ्हाइकाच्या इंटरनेटला दोष देत. पण फाइल उतरवताना बिघडली असती तर ती प्रत्येक वेळी बिघडलेलीच दिसायला हवी. एकदा चुकते आणि एकदा जमते, म्हणजे दोष फाइलीत नव्हे, ती दर वेळी रॅममध्ये ज्या वेगळ्या जागी बसते तिथे.

दुसरी गोष्ट भाच्याने दाखवली. एका फोल्डरचं नाव 'पटेल' होतं. एका सकाळी ते 'पटेळ' झालं. "असं कोण टाइप करेल, दादा? मला वाटलं व्हायरस असेल." युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ल चा क्रमांक ०९३२ आणि ळ चा ०९३३. दोघांमध्ये फरक फक्त एका बिटाचा, शून्याच्या जागी एक. गुजरातीतही ल आणि ळ असेच शेजारी शेजारी आहेत. टेबलावरच्या प्रतीत मी ती नोंद उघडून पाहिली. मास्टर फाइल टेबलात नाव अजून 'पटेल' होतं, वरच्या फोल्डरच्या सूचीत 'पटेळ'. एनटीएफएस आपल्या नोंदींना अशी बेरीज जोडत नाही, जिच्यावरून एका बिटाचा बदल तिथल्या तिथे पकडता यावा. त्यामुळे कुणी न हटकता ते नाव डिस्कवर जाऊन बसलं होतं.

गरम झाल्यावरच सापडलेली चूक

रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ वापरलं. ते विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरून सुरू होतं, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याच्या ताब्यात येते. दोन्ही स्टिक जशा होत्या तशाच ठेवल्या आणि संगणकही दुकानातच, त्याच्या नेहमीच्या लाकडी कप्प्यात, लॅमिनेशन मशीनच्या बाजूला ठेवला. बिघाड जिथे होतो तिथेच तपासायचा असतो. माझ्या टेबलावर पंख्याखाली कदाचित काहीच दिसलं नसतं.

पहिली फेरी स्वच्छ गेली. रात्रभर चालू ठेवल्यावर मात्र सकाळी लाल ओळी होत्या. सगळ्या एकाच पत्त्यावर. प्रत्येक वेळी शून्य हवं होतं तिथे एक वाचला गेला होता, तोही शब्दातल्या सर्वांत खालच्या बिटावर. पत्त्याचे शेवटचे तीन अंक ७४८.

आधीची तपासणी स्वच्छ का आली, ह्याचं उत्तर रॅमच्या बनावटीत आहे. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत झिरपत असतो, म्हणून ठरावीक काळाने, सहसा ६४ मिलिसेकंदांच्या आत, पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की झिरपणं वाढतं. एखादी कमकुवत पेशी थंड असताना ६४ मिलिसेकंद तग धरते, गरम झाली की धरत नाही. सकाळी संगणक सुरू करून दहा मिनिटांची तपासणी केली तर ती पेशी उत्तीर्ण होणारच. म्हणून रॅमची परीक्षा घ्यायची तर रात्रभर, आणि संगणक ज्या उकाड्यात राबतो त्याच उकाड्यात.

मग एकेक स्टिक वेगळी तपासली. दोन स्टिक एकत्र असताना संगणक पत्ते दोघींमध्ये वाटून टाकतो, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून दोषी कोण हे सांगता येत नाही. जुनी स्टिक दोन्ही खाचांत स्वच्छ निघाली. नवी दोन्ही खाचांत चुकली. म्हणजे खाच आणि मदरबोर्ड निर्दोष, दोष स्टिकमध्येच.

इथे कुणीही थांबलं असतं, पण मला एक गोष्ट पक्की करायची होती: डिस्कवरची चूक ह्याच पेशीने केली, की रॅमचा दोष हा निव्वळ योगायोग? जुनी डिस्क आणि नवी डिस्क दोन्ही हाताशी होत्या, आणि नवीवरचा डेटा ह्याच संगणकातून, हीच रॅम असताना, जुनीवरून उतरवलेला होता. माझ्या संगणकावर दोन्हींतल्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, काढला. बहुतेक जुळले. ज्यांचं नाव, आकार आणि तारीख तीच पण हॅश वेगळा, अशा फायलींची यादी निघाली. त्यात जवळजवळ सगळ्या मोठ्या फायली होत्या, आणि ते साहजिकच आहे. जितकी फाइल मोठी तितकी तिचा एखादा तुकडा त्या पेशीवर बसण्याची शक्यता जास्त.

त्या फायली बाइटशः ताडून पाहिल्या. कोट्यवधी बाइटांच्या फाइलीत एखाददुसराच बाइट वेगळा. जुन्या फाइलीत तो आकडा सम, नव्या फाइलीत त्याहून बरोबर एकने मोठा. आणि फाइलीतल्या त्या जागेला ४०९६ ने भागलं की बाकी दर वेळी १८६४. विंडोज फायली रॅममध्ये ४०९६ बाइटांच्या पानांत आणतं, त्यामुळे रॅमच्या पत्त्याचे शेवटचे तीन षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या मोजणीतले) अंक म्हणजे पानातली जागा. षोडशमान ७४८ म्हणजे दशमान १८६४. मेमटेस्टने दाखवलेली पेशी आणि फायलींतली जखम, दोन्ही एकाच ठिकाणी.

ही खात्री मिळाल्यावर मला खूप बरं वाटलं, आणि तितकाच काकांसाठी जीव तुटला. ह्या एका पेशीपायी त्यांनी चांगली डिस्क खणात टाकली होती, बॅटरी बदलली होती, विंडोज पुसून नव्याने टाकून घेतलं होतं. आणि दर दोन-तीन दिवसांनी सकाळी, पत्रिकेची घाई असताना, हीच रॅम वापरून चेकडिस्क त्यांच्या फायलींच्या नोंदी दुरुस्त करत बसलं होतं.

घरी किंवा दुकानात रॅमचा संशय आला आणि पेनड्राइव्ह बनवण्याची सोय नसली, तर एक साधी चाचणी आहे. एखादी मोठी फाइल घ्यायची आणि विंडोजमधल्याच सर्टयुटिल ह्या आदेशाने तिचा हॅश अनेकदा काढायचा. उत्तर दर वेळी तेच यायला हवं. मात्र फाइल रॅमपेक्षा मोठी हवी. लहान फाइल पहिल्यांदा वाचल्यावर रॅममध्येच राहते आणि पुढचं उत्तर तिथूनच येतं, मग चूक असली तरी तीच तीच चूक दिसते. काकांच्या संगणकावर मी हे त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं. उत्तर बदललं तेव्हा ते नुसते पडद्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हा मोजायलाच चुकतोय."

रॅम बदलणं सोपं, फायली सावरणं कठीण

दोषी स्टिक काढून संगणक ८ जीबीवर चालू केला, आणि चुका त्या क्षणी थांबल्या. पण दुकानाचं नुकसान तेवढ्याने भरून येत नव्हतं. बिघडलेले बिट डिस्कवर लिहिले गेले होते.

नव्या डिस्कवरची रचना दुरुस्त करून वापरणं मला मान्य नव्हतं. तिच्यावर किती वेळा चुकीच्या दुरुस्त्या झाल्या होत्या, ह्याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. प्रत माझ्याकडे होतीच, म्हणून ती नवी डिस्क माझ्या संगणकावर पुन्हा फॉर्मॅट केली आणि फायली निवडून परत भरल्या. पाया जुन्या डिस्कचा धरला. आधीच्या वर्षांच्या फायली तिच्यावर ती रॅम स्टिक येण्यापूर्वीच लिहिलेल्या होत्या, आणि ज्या पुन्हा लिहिल्या गेल्या नाहीत त्यांच्या मजकुराला धक्का लागलेला नव्हता. दोन्हीकडे असलेल्या आणि न जुळणाऱ्या फायलींत म्हणून जुनी प्रत खरी मानली.

खरी पंचाईत होती डिस्क बदलल्यानंतर तयार झालेल्या फायलींची, कारण त्यांची भरवशाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. इथे फाइलीच्या प्रकाराप्रमाणे वेगळा मार्ग घ्यावा लागला. डिझाइनच्या कोरलड्रॉ प्रोग्रॅमच्या एक्स४ आवृत्तीपासूनच्या फायली आतून झिपच असतात, आणि झिपमध्ये प्रत्येक भागाची तपासणी-बेरीज असते. त्यामुळे त्या झिप म्हणून तपासता येतात. बेरीज चुकली तर सेव्ह झाल्यानंतर काहीतरी बिघडलं हे नक्की. बेरीज जुळली तर सेव्ह झाल्यापासून फाइल शाबूत आहे एवढंच कळतं. सेव्ह होण्याआधीच रॅममध्ये काही बिघडलं असेल तर ते ह्यातून दिसत नाही. पीएनजी चित्रांतही अशी बेरीज असते. जेपीइजीमध्ये नसते. तिथे डोळ्यांनी पाहण्यावाचून इलाज नाही: बिघाडानंतर चित्राचा खालचा भाग सरकलेला किंवा रंग पालटलेला दिसतो.

फाउंड फोल्डरांतल्या अनाथ तुकड्यांवरची नावं गेलेली असतात, पण आतली सुरुवात शाबूत असते. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ ह्या अक्षरांनी सुरू होते, झिप पी आणि के ह्या अक्षरांनी. त्यावरून प्रकार ओळखून योग्य शेपटी लावली, आणि काकांना हरवल्या वाटणाऱ्या काही पत्रिका तिथेच सापडल्या.

सगळ्यांत मोठा आधार मात्र कागदाचा झाला. काका प्रत्येक कामाचा एक छापील नमुना फायलीत लावून ठेवतात, तारीख आणि गिऱ्हाइकाच्या नावासकट. दिवाळीनंतरच्या प्रत्येक डिझाइनचं प्रूफ काढून भाच्याने ते नमुन्याशेजारी ठेवलं आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. काकू मुहूर्ताच्या तारखा आणि वेळा वाचून दाखवत बसल्या. पत्रिकेत आकडा चुकणं त्या घराला परवडणारं नाही. काही फायली उघडल्याच नाहीत, त्या नमुन्यावरून पुन्हा जुळवाव्या लागल्या.

पुढची व्यवस्था

दोषी स्टिक वॉरंटीत होती, बदलून मिळाली. बदली आलेली स्टिकही आधी रात्रभर तपासली आणि मगच बसवली. नवं म्हणजे चांगलं असं रॅमच्या बाबतीत तर मुळीच मानू नये. २००९ मध्ये गूगल आणि टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्याच सर्व्हरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. पण त्या सर्व्हरांत ईसीसी रॅम असते. ती एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि नोंद करते. दुकानातल्या आणि घरातल्या साध्या संगणकांत बहुधा ती नसते, म्हणून तिथे अशी चूक कुणालाही न कळता फायलींत जाते. काकांना ईसीसीचा संगणक घ्या असं मी सांगितलं नाही, तो खर्च त्यांच्या धंद्याला झेपणारा नाही. मात्र संगणक लाकडी कप्प्यातून बाहेर काढायला लावला आणि आतली धूळ साफ केली.

बॅकअपबद्दल मी हट्ट धरला. आतापर्यंत ते पोर्टेबल डिस्कवर जुन्यावरच नवं लिहीत. अशा बिघाडात तो बॅकअप घातक ठरतो, कारण बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीच्या जागी जाऊन बसते. आता दोन डिस्क आळीपाळीने वापरतात, एक दुकानात आणि एक घरी, आणि दर महिन्याच्या फायलींचा फोल्डर वेगळा ठेवतात. त्यांतली एक तीच, खणात ठेवलेली जुनी डिस्क आहे.

शेवटचं म्हणजे, डी ड्राइव्हची सकाळची आपोआप तपासणी चेकएनटीएफएस ह्या आदेशाने बंद करून ठेवली आहे, म्हणजे बिघाड झालाच तर त्याचा पुरावा दुरुस्तीत पुसला जाणार नाही. दर शनिवारी दुकान बंद करताना भाचा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ५५ ची नोंद शोधतो. ती दिसली तर संगणक बंद करून मला फोन करायचा, दुसरं काही चालवायचं नाही, एवढं आमचं ठरलं आहे. लग्नसराई पार पडली, चैत्रही गेला, आणि ५५ ची नोंद अजून एकदाही आलेली नाही.